हाकेसाठी थांबलेला हात

दादा,

मी ज्या दातांच्या दवाखान्यात नावं लिहून घेते, तिथे आता दिवसभर तुझा पियानो लावतात. एक सूर, मग शांतता, मग दुसरा सूर. पेशंट म्हणतात, "किती हळवं वाजवतो हो!" माझं डोकं फिरतं. आणि वाईट म्हणजे, ऐकताना माझंही पेन थांबतं.

ती शांतता कुठून आली, मला विचार. बाबा अंथरुणाला खिळले, तेव्हा शेजारच्या खोलीत वाजवताना तू मध्येच हात थांबवून कानोसा घ्यायचास. बाबांची हाक आली, की मला ओरडायचास, "जा गं, बघ!" तीन वर्षं उठले ती मी. शेवटच्या दिवशीसुद्धा.

आज एक आजी डोळे पुसत म्हणाल्या, "यानं कुणाची तरी फार सेवा केली असणार."

सेवा मी केली, असं ठणकावून सांगायला मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "माझा सख्खा भाऊ आहे तो." तेही कौतुकानं! तेव्हापासून स्वतःवरच चरफडतेय.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं, तर तू यावरही काहीतरी वाजवशील आणि मला ते आवडेल.

तुझ्यावर अजून चिडलेली,
धाकटी