डॅशबोर्डवरचा दिवा गेला

सौम्या बाळ,

आता गाडी बिनघोर घेऊन जा. तू घातलेल्या एलईडी बल्बना वीज कमी लागती, म्हणून बल्ब गेलाय असं समजून गाडी डॅशबोर्डवर दिवा लावत होती. सकाळी उठून जुने बल्ब परत बसवले, तसा दिवा गेला. नवे डिकीत ठेवलेत.

त्या दिव्यापायी काल एक दिवस जास्त राहिलीस. स्वयंपाकघरातनं तुझं गुणगुणणं ऐकलं आणि तुझी आई असतानाचं घर आठवलं.

तुला निघताना बघवत न्हाय, म्हणून कोगनोळीच्या मळ्याकडं जातोय. जेवून निघ. हायवेवरनं जाताना मळ्यापाशी थांबू नको, पुण्याला पोचायला उशीर होईल. नुसता हॉर्न वाजव. मी बांधावरच उभा असेन.

आप्पा