पन्नास पिना आणि भावजींची घारीची नजर

तीर्थस्वरूप थोरल्या जाऊबाईंना धाकटीचा नमस्कार (कंबर धरलीय, तेव्हा अर्धाच वाकलेला समजा).

गुडघा कसा आहे? जिना चढू नका म्हटलं तरी चढत असालच. इकडे मी ठणठणीत, तुमचे हे, म्हणजे भावजीही ठणठणीत, पण कारखान्यातल्या त्यांच्या लेथ यंत्रावर गंडांतर आलं होतं. बसून वाचा.

झालं असं, की लेथवर कातलेल्या आमच्या लोखंडी पिना घेणाऱ्या कंपनीने सीपीके नावाचा आकडा मागितला. निदान एक पूर्णांक तेहतीस हवा, नाहीतर ऑर्डर बंद. तपासणीच्या टेबलावर मी, म्हणून पन्नास पिना मोजायचं माझ्याकडे. (चष्मा लावायला लागल्यापासून मला मुंगीएवढी रेघही दिसते.) भावजींची अब्रू राखायला मी एकच देखणी पीन पन्नासदा मोजली! आमच्या कारखान्यातली इंजिनिअर पोरगी कागदावर पन्नास सारखेच आकडे बघून हसत सुटली, म्हणाली, काकू, असा लेथ स्वर्गातही नसेल. मग खरं मोजलं. सीपी एक पूर्णांक सहा, सीपीके नुसता शून्य पूर्णांक चार. दहातली एक पीन जाड.

हे काय प्रकरण, ते सांगते. पलंगाची रुंदी म्हणजे गिऱ्हाइकाने मापात दिलेली सूट. झोपणाऱ्याची लोळण म्हणजे पिनापिनांतला फरक. पलंगात लोळण किती ऐसपैस मावते, तो सीपी. पण माणूस झोपलाय कुठे, हे सीपी बघतच नाही. जवळचा काठ किती लांब, ते बघतो सीपीके. तुमचे धाकटे दीर आठवा. एवढासा जीव, हा मोठा पलंग, आणि जन्मभर झोपले काठावर. आठवड्यातून एकदा धप्प! (आता तो पलंग सगळा माझा, तरी मी एकाच बाजूला झोपते. असो.)

मालक म्हणाले, यंत्र म्हातारं, मिस्त्रीही म्हातारा, सोमवारपासून दोघांना आराम. तुमचे हे दोन दिवस जेवले नाहीत. पण पोरगी अडून बसली. लोळण एवढी आवरलेली असताना यंत्र म्हातारं कसं? माप नुसतं मधे सरकवा. बघतो तर काय, भावजी महिनाभर चाकावरच्या मापाच्या डायलची रेघ एक घर चुकीची वाचत होते! म्हटलं, चष्मा लावा. तर म्हणतात, "माझी नजर घारीची आहे!" (घारीला डायल वाचायला लावलीय कुणी?) शेवटी डायल मी वाचली, चाक त्यांनी फिरवलं, पन्नास पिना मोजल्या (वेगवेगळ्या, शपथ!), आणि सीपीके आला दीड. लेथ राहिला, भावजी राहिले, आणि त्या दिवशी डबा माझाही खाल्ला.

तुमची,
धाकटी

ता. क. रोज डायल वाचायला मी कुठे उभी राहू? दोन नंबरचा, वाचायचा चष्मा लगोलग पाठवा. हौसेने घेतला असं लिहा. तुमचा शब्द मोडायची त्यांची छाती नाही.

आणखी एक ता. क. नंबर कसा कळला विचाराल. महिन्यापूर्वी लेथच्या खालच्या खणात, जुन्या डबीत, मला दांडीवर दोन नंबर लिहिलेला एक बेवारशी चष्मा सापडला. तोच मी लावते. काल भावजी ती रिकामी डबी उलटी करून झटकत होते, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घारीची नजर म्हणवणारा माणूस चष्मा हरवला म्हणून विचारणार कुणाला? त्यांना सांगू नका. आणि हा परत मागू नका, माझ्या नाकावर अगदी मधोमध बसलाय.