त्या दिवशीचा वारा

कॅलिफोर्निया,
५ नोव्हेंबर १९७८

तीर्थरूप आबांस सोपानचा नमस्कार.

मी बरा आहे. गावी औंढ्याला भात कापून झाले का? तुमचा खोकला कसा आहे?

वहिनींनी तुमचे शब्द जसेच्या तसे लिहिले होते: "तू वरनं समदा दर्या बघतो, मग आमचा महिपती कसा दिसंना? लाल स्वेटर हाय त्याच्या अंगात."

आबा, उपग्रहावरच्या आमच्या यंत्राला माणूस दिसत नाही. ते समुद्रावर रेडिओलहरी सोडते आणि परत आलेल्या लहरींवरून वारा मोजते. पुढेमागे त्यामुळे वादळाची सूचना लवकर देता येईल. महिपतीदादाचे जहाज बेपत्ता झाले त्या दिवशीचा वाराही त्याने मोजला होता. ते आकडे माझ्या हाती फार उशिरा आले. मी पुन्हा पुन्हा तपासले. तशा वाऱ्यात कोणी वाचत नाही.

आता उपग्रहही बंद पडला आहे. मी आणखी कुठे शोधू?

दर्भाचा पुतळा करून दादाला अग्नी द्या. मी इथे केस उतरवीन.

हे पत्र तुम्हाला वहिनीच वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. दुसरा इलाज सापडला नाही.

वहिनी, वाचताना आवाज थांबला तर थांबू द्या. आबांना समजेल.

तुम्हा दोघांचा,
सोपान