कामेनी पोतोकची वेटिंग रूम

कामेनी पोतोक,
९ जून

चि. ओग्नेन यास स्तामेन्का मावशीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसता हो मावशी, हो मावशी करतोस आणि एक शब्द ऐकत नाहीस, म्हणून लिहिते आहे. काल आमच्या स्टेशनावर नोटीस लागली. सप्टेंबरपासून इथं गाडी थांबणार नाही, कारण म्हणे इथं माणूसच चढत नाही. अरे, बेलग्रेडला जाणारी सकाळची गाडी निम्मी आमच्याकडेच भरते. या स्टेशनाचा पाया माझ्या आजोबांनी खणला. लढाईत छप्पर उडालं तरी गाडी थांबायची राहिली नाही, आणि आता तुमचं ऑफिस ती बंद करणार.

तुझे बुदिमिर काका तीन स्टेशनं पुढच्या शुश्रूषागृहात आहेत, हे तुला सांगायला नको. मला ओळखत नाहीत, महिनोन्महिने बोलत नाहीत, पण दुपारचं जेवण माझ्याच हातचं घेतात. बसनं जायचं तर दोनदा बदलावी लागते आणि माझे गुडघे पायरीलाच नाही म्हणतात. गाडी गेली तर आमची भेट गेली. मोठा रेल्वेतला इंजिनिअर ना तू, मग काहीतरी कर.

तुझ्या आईला म्हणावं, लोणच्याच्या बरण्या रिकाम्या तरी परत पाठव.

तुझी,
मावशी

बेलग्रेड,
१६ जून

ती. स्तामेन्का मावशीस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मी चौकशी केली. आमच्या ऑफिसातली मोजणीची मुलगी दोनदा येऊन गेली आणि दोन्ही वेळा मी बांधलेली नवी वेटिंग रूम रिकामी होती. तिला बसलेली माणसं मोजायला सांगितलं होतं, ती तिनं मोजली. एवढ्या सुंदर काचेच्या खोलीत तुम्ही का बसत नाही? गावाकडे एक दार, फलाटाकडे एक दार, अगदी समोरासमोर. त्या खोलीबद्दल मला शाबासकी मिळाली आहे.

पुन्हा मोजणी चार जुलैला सकाळी आहे आणि साहेब स्वतः येणार आहेत. सगळ्यांना आत बसव, बाकी मी बघतो. आणि कृपा करून ते प्रोमायाचं, आरपार वाऱ्याचं, खूळ काढू नकोस. दोन दारांमधून वारं गेलं म्हणून कुणी मरत नाही. जर्मनीत लोक मुद्दाम खिडक्या उघडून बसतात.

बरण्यांचा विषय आईनं ऐकला आणि बदलला. काकांना नमस्कार.

तुझा,
ओग्नेन

कामेनी पोतोक,
२४ जून

चि. ओग्नेन यास अनेक आशीर्वाद.

जर्मनीत शिकून आलास तेव्हाच तुझ्या आईला म्हटलं होतं, पोराच्या कानात वारं शिरलंय. ते कुठून शिरलं, हे आता कळलं.

तुझं पत्र घेऊन मी घरोघर फिरले. शेजारची क्रुना म्हणाली, जर्मन लोकसुद्धा मरतात, आणि कशानं ते आपल्याला कुणी सांगत नाही. तिच्या चुलतभावाचं तोंड अशाच दोन दारांत बसून वाकडं झालं, ते अजून सरळ नाही. गेल्या लग्नात राकिया दारूचा घोट त्याच्या तोंडात कमी आणि कॉलरवर जास्त गेला. रिटायर्ड स्टेशनमास्तर व्लास्तिमिर म्हणाले की जुन्या वेटिंग रूमला एकच दार होतं आणि मध्ये शेगडी. तिथं माणसं गाडी चुकवून बसायची. तुझ्या खोलीत उभा राहीन, पण बसणार नाही, असं त्यांनी साफ सांगितलं. पाठीला वारा लागला की मूत्रपिंड गेलंच, हे तर लहान पोरालाही ठाऊक आहे.

मलाही भीती वाटते, बाळा. खोटं कशाला बोलू? पण मी बसणार आहे. क्रुनाला म्हटलं, माझ्या म्हाताऱ्याला भरवायला मग तू चालत जा. ती लोकरीची टोपी शोधायला उठली.

तुझी,
मावशी

बेलग्रेड,
५ जुलै

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

साहेब काल परत आले ते मान वाकडी धरूनच. भर जुलैत आख्खं गाव लोकरीच्या टोप्या घालून, कानांत कापूस कोंबून, कमरेला शाली गुंडाळून खोलीत बसलेलं. कुणी बोलेना, कुणी हलेना. गावात कुणी गेलं असं वाटून त्यांनी आधी टोपी काढली. मग एक पाऊल आत टाकलं, वाऱ्याचा झोत मानेवर बसला आणि ते उडी मारून बाहेर आले. मोजणी त्यांनी काचेबाहेरूनच केली.

गाडी थांबणार, मावशी. कागदावर सही झाली. मात्र ही खोली कुठल्या गाढवानं बांधली, असं साहेबांनी भर बैठकीत विचारलं, आणि शाबासकी देणारे सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक दार पुढच्या आठवड्यात बुजवणार आहेत. ते काम माझ्याकडेच आलं आहे.

रागावू नकोस. पाठ कशी आहे?

तुझा गाढव,
ओग्नेन

कामेनी पोतोक,
१० जुलै

चि. ओग्नेन यास अनेक आशीर्वाद.

पाठ धरली आहे, तोंड सरळ आहे. क्रुना रोज आरशात बघते आणि थोडी निराश होते.

आज गाडीनं गेले. हातात डबा, पिशवी, म्हणून काकांच्या खोलीचं दार पायानंच लोटलं आणि तसंच राहू दिलं. उकाड्यामुळे नर्सनं समोरची खिडकी उघडली होती. मी डबा सोडत होते, आणि मागून आवाज आला. पहिल्यांदा वाटलं दुसऱ्याच कुणाचा.

ते म्हणाले, "दार लाव, स्तामेन्का. वारा येतोय."

नावानिशी म्हणाले, ओग्नेन. मी दार लावलं. मग खिडकीही लावली, आणि त्या उकाड्यात आम्ही दोघं घाम पुसत जेवलो.

माया आहेच, ती अशीच उबेत राहू दे.

तुझी,
मावशी