फ्राऊ क्रेमरसाठी सात प्रश्न

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा उभीच राहिले! उवे पडद्यावरून म्हणाला, "मॅडम, मला फक्त तुमचा पदर दिसतोय. बसा ना." कॉन्व्हेंटची सवय — उत्तर द्यायचं ते बाकाशेजारी उभं राहून. त्या सिस्टर कधीच्या गेल्या, पाय अजून त्यांचंच ऐकतात.

उवे जर्मनीतला. ट्राम चालवायचा, आता निवृत्त. नातवंडं कॅनडात, म्हणून त्याला इंग्रजी हवंय. अर्धा तास तो माझ्याशी जर्मन बोलतो, अर्धा तास मी त्याच्याशी इंग्रजी. माझ्या लेकीने, अपूर्वाने लॅपटॉपवर जमवून दिलं. "कशात तरी मन लागेल तुझं, आई."

मन लागावं म्हणून नाही शिकत मी. माझा निलेश तिकडे जर्मनीत ज्यांच्या घरात भाड्याने राहायचा त्या फ्राऊ, म्हणजे श्रीमती, क्रेमर. वय त्र्याऐंशी, जर्मनशिवाय दुसरं काही येत नाही. नोव्हेंबरात माझा मुलगा गेला, त्या दिवशी त्याला शेवटचं पाहिलं ते त्यांनी. मला त्यांच्याशी बोलायचंय. एवढंच.

६ फेब्रुवारी

काही नाही. भात उरला.

८ फेब्रुवारी, शनिवार

उवे हसत सुटला. "दर वेळी पहिला प्रश्न तोच — जेवलात का? अहो, इथे सकाळचे साडेदहा वाजलेत! नाही म्हटलं तर डबा पाठवणार आहात?"

काय सांगू त्याला? गिरगावात आमची आई पोस्टमनलाही हेच विचारायची. मी निलेशला रोज फोनवर. वैतागायचा. "हो गं आई, जेवलो! दुसरं काही विचार ना!"

११ फेब्रुवारी, मंगळवार

देवळाची रांग आज आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. चपला सांभाळत उभी असलेली माणसं बघत बसले. काही वाटलं नाही.

फ्राऊ क्रेमरच्या मुलाचं उत्तर आलं — रविवारी बोलतील. सोमवारी तो त्यांना वृद्धाश्रमात नेणार. म्हणजे रविवारीच काय ते.

वहीत सात प्रश्न लिहिले. छातीत कधीपासून दुखत होतं? तुम्हाला हाक मारली का? कोणाचं नाव घेतलं का? असे.

अपूर्वा म्हणते, "अगं, फोनमध्येच भाषांतर होतं हल्ली. आणि रिपोर्टात सगळं आहे की." रिपोर्टात वेळ आहे, कारण आहे. नको. माझ्या तोंडाने विचारीन.

"अजून एकदाही रडली नाहीस तू. डॉक्टरांकडे जाऊ या का?" हेही तिचंच. मी भांडी लावत होते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उवेला प्रश्न वाचून दाखवले. तिसऱ्यालाच त्याने थांबवलं. "मॅडम, हा कोण?"

"माझा मुलगा."

चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिला. आज त्याने स्वतःचा इंग्रजीचा अर्धा तास घेतलाच नाही. पूर्ण तास माझे उच्चार. शेवटी म्हणाला, "हळू बोला. आणि बसून बोला, प्लीज."

१६ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी साडेचार. सातही प्रश्न पाठ. पडद्यावर पांढऱ्या केसांची छोटीशी बाई, मागे बांधून ठेवलेली खोकी. मी उभीच.

पहिला प्रश्न आठवेना! वही हातात, तरी दिसेना. आणि तोंडातून जर्मनमध्येच आलं — "जेवला होता का तो?"

त्या एकेक शब्द सुटा करून, लहान मुलीला सांगावं तसं बोलल्या. सगळं कळलं मला. "हो. दुपारी माझ्याकडेच. बटाट्याचं सूप. दोनदा घेतलं. हसून म्हणाला — आज आईला खोटं सांगावं लागणार नाही."

मी बसले.

बाकीचे प्रश्न विचारले नाहीत.

१७ फेब्रुवारी

पहाटेपासून रडतेय. थांबतच नाही. भूक लागलीय.