चौदा नंबरचा मुलगा

प्रिय ड्वाइट,

हे पत्र तुझ्या डब्याच्या पिशवीत ठेवतेय, कारण समोर बसून काही सांगायला गेले की तू मागच्या सामन्याचा व्हिडिओ लावून बसतोस. बेचाळीस वर्षं तुझ्या संघाच्या बाकामागे तिसऱ्या रांगेत बसलेय. बास्केटबॉल मलाही कळतो, तेव्हा मुकाट्याने वाच.

गेल्या आठवड्यात कॉलेजच्या खेळविभागाचे प्रमुख आले आणि माझा अर्धा केक संपवून म्हणाले, "आर्लीन, तूच समजाव त्याला. सहाशे सामने जिंकलेल्या माणसाला पुरे म्हणणारे आम्ही कोण?" मी म्हटलं, "मग पगार कशाचा घेता?" ग्लेननेही फोन केला. सोळा वर्षं तुझा सहायक आहे, दुसऱ्या कॉलेजांची बोलावणी परत पाठवतोय, पण तुझ्याबद्दल वाकडा शब्द नाही. दोघांनाही मी वाटेला लावलं. तीन मोसम हरलास म्हणून तुला घरी बसवणाऱ्यांतली मी नाही.

पण काल नऊ सेकंद उरले असताना तू टाइमआउट घेतलास, पाटीवर डाव काढलास आणि म्हणालास, "लॅमार, चेंडू तुझ्याकडे." लॅमार अकरा वर्षांपूर्वी कॉलेजातून गेला. त्याचं टायरचं दुकान आहे, टक्कल पडलंय. त्याचा चौदा नंबरचा शर्ट आता घालतो तो टेरेन्स. पोरांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. टेरेन्स "हो, कोच" म्हणाला आणि बास्केट करून आला. तू त्याची पाठ थोपटलीस, "शाबास, लॅमार."

टेरेन्सची आई योलांडा माझ्या शेजारीच बसते. मी माफी मागायला लागले, तर म्हणाली, "अहो, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून चाललंय हे. पोरांनी आपसात ठरवलंय, कोचची चूक काढायची नाही. फक्त निरोपाच्या सामन्याला माइकवर त्याचं खरं नाव येऊ दे. त्याची आजी अलाबामाहून येतेय." मला फार लाज वाटली, ड्वाइट. तुझी नाही, माझी. या हिवाळ्यात तू मला दोनदा तुझ्या बहिणीच्या नावाने हाक मारलीस, आणि मीही ओ दिली. यापुढे देणार नाही.

सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. गाडी मी चालवेन, वाद नको. त्याआधी, परवा शनिवारी निरोपाचा सामना आहे. शेवटच्या वर्षाची चार मुलं आईचा हात धरून मैदानाच्या मधोमध जातील, तिला फुलं देतील, तू नावं वाचशील. कार्ड मी मोठ्या अक्षरांत लिहिलंय, टेरेन्सचं नाव सगळ्यात वर. तुला कुणी काढणार नाही, मी काढू देणार नाही. तू आपल्या पायांनी, ताठ मानेने बाहेर येणार आहेस. म्हणून फुलवाल्याला मी चार नाही, पाच गुच्छ सांगितलेत. पाचवा तू मला द्यायचास.

तिसऱ्या रांगेतली, तुझीच,
आर्लीन