लिऑनच्या मते राहण्याजोगी शहरे

३ नोव्हेंबर
ठरले. पिट्सबर्ग सोडायचे. वय एकोणसाठ, बायको केव्हाच सोडून गेलेली, नळ-पाइपांच्या दुकानात आता नवे शिकण्यासारखे काही उरलेले नाही. चढ, पायऱ्या, करडे आभाळ आणि बर्फ. नुसते जन्मलो म्हणून माणसाने एखाद्या गावात राहू नये, पारखून घ्यावे. शहरे पाहायची, शंभरपैकी गुण द्यायचे, वसंतात बाडबिस्तरा हलवायचा.
आईला उद्या सांगतो.

४ नोव्हेंबर
नाही सांगितले. गुडघे फार दुखत होते. (तिचे.)

९ नोव्हेंबर
ब्याऐंशी वर्षांच्या बाईला एकदम सांगणे बरे नव्हे. मनाची तयारी हळूहळू करावी. म्हणून जेवताना विषय काढला की दुकानातला लिऑन टक्सनला जायचे म्हणतोय, हवा कोरडी, सांध्यांना फार चांगली. आईने विचारले, कोण हा लिऑन? नवीन आहे म्हणालो. तसा तो अगदीच नवीन आहे, सूप वाढून घेताना सुचला. आई म्हणाली, टक्सनला तर आपली आयरीनमावशी आहे. हे मी विसरलोच होतो.
याला खोटे बोलणे म्हणत नाहीत. पण झोप नीट लागली नाही.

६ डिसेंबर, टक्सन
नळांच्या प्रदर्शनाला जातो असे घरी सांगून आलो. मावशीला चुकवून शहर पाहायचे म्हणजे तारेवरची कसरत. बाजारात तिच्यासारखी पाठ दिसली म्हणून निवडुंगामागे लपलो. ती मावशी नव्हती. निवडुंग मात्र खरा होता.
ऊन लख्ख, हवा छान. पण डिसेंबरात नुसत्या शर्टावर फिरताना कुणाचे तरी काम बुडवून आल्यासारखे वाटते. शेजारी दिसतच नाहीत, नुसती गॅरेजची दारे वर-खाली होतात. भांडायचे कुणाशी? गुण: एकेचाळीस.
संध्याकाळी आईचा फोन. इकडे बर्फ पडलाय, पण काळजी करू नकोस, तुझी जागा काढून खुर्ची ठेवलीय. म्हणजे घरासमोरची गाडीची जागा. फावड्याने बर्फ ज्याने उपसला, जागा त्याची. तिथे घरातली खुर्ची ठेवली की तिला हात लावायची गल्लीत कुणाची छाती नाही. आमची खुर्ची बाबांची, स्वयंपाकघरातली, लाल रेक्झिनची. त्या गुडघ्यांनी तिने फावडे मारले आणि मी इथे निवडुंगाचे काटे काढत बसलोय. फार लाज वाटली. टक्सनचे आणखी दोन गुण कापले.

२३ डिसेंबर
आईने नाताळचे पिरोगी केले, म्हणजे उकडलेल्या करंज्याच. आत बटाटा आणि चीज, वर लोण्यात परतलेला कांदा. एक डबा वेगळा भरून म्हणाली, हा लिऑनला दे, परक्या गावात बिचाऱ्याला कोण करून घालणार. नाही म्हणायला कारण सुचेना. दुकानाच्या मागे गाडीत बसून लिऑनचा डबा संपवला. चव नेहमीचीच.
संकल्प: नव्या वर्षात खोटे बंद. दोन तारखेला सगळे सांगणार.

२ जानेवारी
मी तोंड उघडायच्या आत आईने विचारले, लिऑनला आवडले का? म्हणालो, हो, पण कांदा थोडा जास्त वाटला त्याला. नुसते आवडले म्हटले असते तर तिला संशय आला असता. तिचा चेहरा उतरला. माझ्यासारखा नीच मीच.

१५ जानेवारी, पोर्टलंड, ऑरेगॉन
(पुन्हा प्रदर्शन.) आल्याआल्या बर्फ. बोटभर पडला तर अर्धे गाव बंद. मी मोटेलसमोरची जागा कचऱ्याच्या डब्याच्या झाकणाने साफ केली, खोलीतली खुर्ची आणून ठेवली आणि गाडी घेऊन कॉफीला गेलो. परत येतो तर खुर्ची गायब आणि जागेवर भलत्याचीच गाडी. मोटेलवाली म्हणाली, आमच्याकडे वस्तू रस्त्याच्या कडेला ठेवली म्हणजे हवी त्याने फुकट न्यावी. कुणीतरी तुम्हाला दुवा देत नेली असेल. खुर्ची भरून द्यावी लागली. खुर्चीचा अर्थ न कळणाऱ्या गावात माणसाने राहायचे कसे? गुण: नऊ. तेही कॉफीचे.

१९ जानेवारी
आईला सांगितले, लिऑन म्हणतो पोर्टलंड बेकार, टक्सनला तोड नाही. माझा स्वतःचा ओढा आता टाम्पाकडे आहे, पण टक्सनसाठी तिच्या मनाची एवढी तयारी केलेली, ती वाया का घालवा? तिने हवेबद्दल बरेच विचारले. मी सढळ हाताने उत्तरे दिली.

८ फेब्रुवारी
टाम्पाचे तिकीट खिशात घालून, घसा साफ करून बसलो होतो. आई म्हणाली, थांब, आधी माझे ऐक. ती टक्सनला चाललीय. मावशीकडे, कायमची. मावशी कित्येक वर्षे बोलावते आहे म्हणे.
"तू एकटा कसा राहशील म्हणून थांबले होते रे. पण मरेपर्यंत या पायऱ्या चढायच्या का? तुझा लिऑनही म्हणतोच की."
मी म्हणालो, मीसुद्धा पिट्सबर्ग सोडायच्या विचारात आहे. आई इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले.
"तू? अरे, तू गाडी पलीकडच्या गल्लीत लावत नाहीस."
टाम्पाचे तिकीट रद्द केले. असा अपमान झाल्यावर शहर काय पाहणार.

२ मार्च
सकाळी आईला विमानतळावर सोडले. तपासणीच्या रांगेपाशी तिने पिशवीतून दोन डबे काढले. एक तुझा, एक लिऑनचा. मग माझी कॉलर नीट करत म्हणाली, "लिऑनचाही तूच खा. या वेळी कांदा कमी घातलाय."
केव्हापासून माहीत होते, हे विचारायचा धीर झाला नाही. ती मागे वळून न पाहता गेली. बरे झाले, माझा चेहरा पाहण्यासारखा नव्हता.
परत येईपर्यंत चांगलाच बर्फ पडला होता आणि आमच्या जागेवर दुसऱ्याची गाडी. त्याचा दोष नाही, खुर्ची कुणी ठेवलीच नव्हती. निघताना मला सुचले नाही. ते काम कधी माझे नव्हतेच. पार चढाच्या पायथ्याशी गाडी लावली आणि दोन्ही डबे घेऊन वर चढलो. बाबांच्या खुर्चीत बसून आधी माझे खाल्ले, मग लिऑनचे. कांदा कमीच होता. पहिलाच बरोबर होता, हे तिला फोन करून सांगायला हवे.
उद्या सांगतो.